चंद्रासमोरचा हिरवा चंद्र

कोजागरीच्या रात्री आमच्या डोंबिवलीतील गच्चीवर दूध आटत असता, शेजारच्या मुलाने मोबाइलवर टिपलेले पूर्णचंद्राचे छायाचित्र माझ्यापुढे धरले आणि चौकटीच्या समोरच्या कोपऱ्यातील चिमुकला हिरवा ठिपका दाखवून, "काका, हा दुसरा चंद्र कुठला?" अशी पृच्छा केली. मोबाइल किंचित फिरवताच चौकटीत चंद्र डावीकडे गेला आणि ठिपका उजवीकडे पळू लागला. भिंगांच्या पृष्ठभागांवर आपटून परतलेल्या प्रकाशाची ती करामत होती.

अंतराळयानांनी धाडलेल्या दूरस्थ चंद्रांच्या चित्रांतही गूढ खुणांची शहानिशा अशीच, आधी कॅमेऱ्याची जबानी घेऊन, करावी लागते. व्हॉयेजर यानांच्या मूळ चित्रांत ओळीने मांडलेले काळे ठिपके दिसतात. परग्रहवासीयांच्या वसाहतींचा ज्यांस हव्यास आहे त्यांची निराशा होईल, पण चित्रातील विरूपता मोजता यावी म्हणून कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या नळीच्या काचेवर मुद्दाम उमटवलेल्या त्या खुणा होत. शिवाय नीट न पुसलेल्या पाटीप्रमाणे त्या नळीवर आधीच्या चित्राची पुसट छाया राहून जाई. गॅलिलिओ यानाच्या चित्रांत गुरूभोवतीच्या किरणोत्साराने पांढरे कण शिंपडले.

परंतु कॅमेरा निर्दोष ठरला तर? ८ मार्च १९७९ रोजी, गुरूला मागे टाकून तीन दिवस झाले असता, व्हॉयेजर-१ ने सुमारे ४५ लाख किलोमीटरांवरून गुरूच्या आयो या चंद्राचे एक चित्र घेतले, तेही शोधासाठी नव्हे, तर मागच्या ताऱ्यांवरून यानाचा ठावठिकाणा ठरवण्यासाठी. दुसऱ्या दिवशी कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत लिंडा मोराबिटो या अभियंत्रीने मंद तारे दिसावेत म्हणून ते चित्र उजळले, तो आयोच्या कडेबाहेर छत्रीसारखा एक फिकट आकार उभा! कॅमेऱ्याचा दोष म्हणावा, तर तसा दाखला मिळेना. मागे दडलेला चंद्र म्हणावा, तर एवढा मोठा चंद्र पृथ्वीवरील दुर्बिणींतून सुटला नसता. एकेक संशयित असा सुटत गेल्यावर उरला तो आयोवरील ज्वालामुखी, आणि ती छत्री म्हणजे त्याने सुमारे २७० किलोमीटर उंच उडवलेला फवारा. पृथ्वीबाहेर धगधगता ज्वालामुखी माणसाने पाहिला तो हा पहिलाच. गंमत अशी की, गुरूच्या भरती-ओहोटीच्या ओढीने मळल्यासारखे होऊन आयोचे अंतरंग वितळले असावे, हे पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांचे भाकीत 'सायन्स' नियतकालिकात जेमतेम आठवडाभर आधी, २ मार्चला छापून आले होते.

हे सांगून होईतो मुलाने मोबाइल समोरच्या इमारतीच्या दिव्याकडे वळवला होता आणि तेथेही हिरवा ठिपका उमटतो का, ते तो पाहत होता.