काडीमोड झाला, मुलांचे काय?

आमच्या समाजातील अनेक जातींत पूर्वी पंचांसमक्ष काडी मोडली म्हणजे नवराबायको परस्परांच्या बंधनातून मोकळी होत. पुढे १९४७ साली मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याने तीच सोय बहुतेक देशास लाभली. घटस्फोट इष्ट की अनिष्ट हा जुना वाद आज आम्हांस उकरून काढावयाचा नाही. पण पतिपत्नींमधली काडी मोडता येते म्हणून बाप व मूल ह्यांच्यामधलीही ती आपोआप मोडते, अशी जी समजूत बऱ्याच शिकलेल्या व सधन गृहस्थांनी करून घेतलेली दिसते, ती मात्र निखालस खोटी आहे, आणि तिची किंमत अजाण लेकरांस मोजावी लागते.

कायदा ह्या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातील ४८८ वे कलम, १९७३ च्या संहितेतील १२५ वे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील १४४ वे, ही तिन्ही एकाच तत्त्वाची रूपे होत. ऐपत असून जो अपत्याच्या पोषणाची हयगय करील, त्यास दरमहा पोटगी देण्याचा हुकूम न्यायाधीशाने करावा, हे ते तत्त्व. मूल औरस असो वा अनौरस, हक्कात भेद नाही. आणि अपत्य अपंगत्वामुळे मिळवते होऊ शकत नसेल, तर वयाची अठरा वर्षे उलटल्यावरही हा हक्क उरतो. धर्माचाही येथे अडसर नाही. घटस्फोटित मुसलमान बापाची अज्ञान मुलांविषयीची जबाबदारी ह्याच कलमाखाली कायम राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले आहे. हिंदूंपुरते बोलावयाचे तर १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने बापाबरोबर आईवरही हा भार ठेवला आहे, आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित कन्येस वयाची अट घातलेली नाही.

मग अडते कोठे? एक अडचण स्वतः सरकारनेच पुष्कळ वर्षे बाळगली. १९५५ साली पोटगीची कमाल मर्यादा पाचशे रुपये ठरली, आणि मध्यवर्ती कायद्यात ती २००१ सालापर्यंत तशीच राहिली. ह्या शेहेचाळीस वर्षांत धान्याचे व कापडाचे भाव कोठून कोठे गेले, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. आता मर्यादा नाही. परंतु पळवाटा आहेत.

पहिली पळवाट अशी की, आई कमावती आहे, तेव्हा आमचा संबंध नाही. आईच्या मिळकतीने खर्चाची वाटणी होते, बापाचा वाटा नाहीसा होत नाही. दुसरी अशी की, मुलास भेटू देत नाहीत, मग पैसे का द्यावे? भेटीचा हक्क खरा आहे, व त्यासाठी न्यायालयाचे दार स्वतंत्रपणे उघडे आहे. पण आईवरील राग काढण्यासाठी मुलाचे ताट ओढून घेणे हा त्यावर उपाय नव्हे. तसेच पोटगी थकली म्हणून बापाची भेट बंद करणाऱ्या आईनेही मूल म्हणजे गहाण टाकलेला जिन्नस नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तिसरी पळवाट पेढीवरची. दावा लागताच दुकान भावाच्या नावे होते, गल्ला एकाएकी आटतो, आणि कालपर्यंत मोटारीतून हिंडणारा गृहस्थ न्यायालयात कफल्लक म्हणून उभा राहतो.

ह्या तिसऱ्या रोगावर ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने औषध दिले आहे. उभय पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न व देणी प्रतिज्ञापत्रावर मांडावी, खोटे लिहिणाऱ्यावर कारवाई व्हावी, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे त्या निकालाने ठरविले. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी व शिक्षण ही सर्व येतात, हेही त्यात सांगितले आहे. पण तो खटलाच पाहा. तो आमच्या नागपूरचा. मूल जन्मले २०१३ च्या सुमारास. अंतरिम पोटगीचा हुकूम झाला २०१५ साली. आणि थकबाकीचा प्रश्न दिल्लीत निकालात निघाला २०२० साली. तोवर तान्हे बाळ सात वर्षांचे झाले होते! दूध ज्या वर्षी हवे त्याच वर्षी हवे असते. मागाहून मिळालेल्या रकमेने गेलेले बालपण परत येत नाही.

म्हणून काही गोष्टी आयांनी व त्यांच्या सल्लागारांनी पक्क्या ध्यानात ठेवाव्या. अंतरिम अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत लागावा असे कायदाच सांगतो; तेव्हा तो अर्ज आरंभीच करावा व तारखांवर तारखा पडू देऊ नयेत. हुकूम मोडल्यास वसुलीचे वॉरंट निघते, आणि रक्कम तरीही न दिल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत मागणी केली पाहिजे. भिडेखातर गप्प बसणारीचा हा मार्ग बंद होतो. आणि घटस्फोट लवकर पदरात पडावा म्हणून मुलाच्या पोटगीवर पाणी सोडणारे कागद करून देऊ नयेत. जे मुलाचे आहे ते सोडून देण्याचा अधिकार आईस नाही, मग मध्यस्थी करणाऱ्या मामाकाकांस तो कोठून असणार?

परंतु कायदा झाला तरी तो वॉरंटापर्यंतच पोचतो. त्यापलीकडचे काम लोकमताचे. आमच्या बाजारपेठेत एक हुंडी परत गेली तर चार दिवसांत गावभर होते, आणि त्या पेढीशी उधारीचा व्यवहार करावयास कोणी धजत नाही. मग पोटच्या पोराचे देणे बारा बारा महिने थकविणाऱ्यास आम्ही संस्थेच्या अध्यक्षपदी बसवितो, त्याच्या देणगीच्या पाट्या लावतो, ह्यास काय म्हणावे? आमचे व्यापारी बंधू खतावणीत दिडकीचाही फरक राहू देत नाहीत. त्यांनी आपल्या वहीत ह्या एका ऋणकोचे खाते उघडून पाहावे, आणि ज्याची तेथे बाकी निघते त्याची पत इतर कोणत्याही व्यवहारात धरू नये. असे एका गावाने जरी केले, तरी अनेक वॉरंटे काढावी लागणार नाहीत.