चोवीस अक्षरं आणि एक उंबरठा

फ्रिजच्या दारातली इन्सुलिनची बाटली काढता काढता आत्यानं विचारलं, "हे पेशीच्या आत तयार होतं म्हणतेस, मग बाहेर पडतं कसं गं?" थाटीपूरच्या आमच्या घरात भाची लॅपटॉप घेऊन बसली होती. ती जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. "थांब आजी, दाखवतेच," म्हणाली.

युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीकोशावरून तिनं मानवी इन्सुलिनच्या मूळ साखळीचा क्रम घेतला: 110 अमिनो आम्लं, प्रत्येकाला एक अक्षर. तो डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाच्या 'सिग्नलपी' या साधनात टाकला. आलेखात पहिल्या 24 अक्षरांवर रेघ उंच होती, पुढे एकदम खाली.

"आता डोळ्यांनी वाच, मावशी." एम, ए, एल, डब्ल्यू, एम, आर... सहाव्या जागचा आर धनभारित. मग एल, म्हणजे ल्युसिन, पाण्याशी फटकून राहणारं. 24 अक्षरांत ते 8 वेळा येतं. शेवटी सलग तीन ए, म्हणजे छोटं अ‍ॅलानिन. तिथंच साखळी कापली जाते.

प्रथिनाची वाट त्याच्याच क्रमात लिहिलेली असते, हे दाखवल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं. सुरुवातीच्या 24 अक्षरांचा हा संकेत साखळीला पेशीतल्या आंतर्द्रव्य जालिकेत नेतो आणि तिथं कापला जातो. उंबरठ्याशी चपला काढून ठेवाव्यात तसा. कापण्याच्या जागेआधीचं पहिलं आणि तिसरं आम्ल बहुधा लहान असतं, हा नियम गुन्नार फॉन हाइने यांनी 1980 च्या दशकात मांडला. सिग्नलपीची पहिली आवृत्ती 1997 ची. 2022 ची सहावी आवृत्ती कोट्यवधी क्रमांवर शिकलेल्या भाषा-प्रारूपावर चालते.

संकेत सापडला म्हणजे काम संपलं, असं मला वाटलं होतं. भाचीनं दुसरा क्रम टाकला, इन्सुलिनच्या ग्राहक प्रथिनाचा. संकेत तिथंही होता. पण मधेच वीसेक जलद्वेषी आम्लांचा सलग पट्टा होता. असं प्रथिन पेशीच्या आवरणातच रुतून राहतं. तिसऱ्या प्रथिनाच्या शेवटी के, डी, ई, एल ही चार अक्षरं होती: जालिकेत परत बोलावणारी खूण. म्हणून प्रत्येक क्रमाला निदान तीन प्रश्न विचारावे लागतात. सुरुवातीला संकेत आहे का? मधे पट्टा आहे का? शेवटी परतीची खूण आहे का? तरीही काही निसटतात. पेशींची वाढ घडवणारं एफजीएफ-2 असा कुठलाच संकेत नसताना बाहेर पडतं.

ही चाळणी उपयोगाची आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढवल्या, की भोवतीच्या द्रवात शेकडो प्रथिनं सापडतात. त्यांतली पेशीनं स्रवलेली कोणती आणि मेलेल्या पेशींतून गळलेली कोणती, याचा पहिला अंदाज ही चाळणी देते. अंदाजच, खातरजमा प्रयोगशाळेतच करावी लागते.

महागडं यंत्र नसलेल्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे: ही साधनं शिक्षणासाठी मोफत आहेत. एक प्रथिन निवडा, पण आलेखावर थांबू नका. त्याची पहिली तीस अक्षरं स्वतः वाचा.

आत्याला उत्तर मिळालं. तिच्या बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये 51 आम्लं आहेत आणि त्यांची सुरुवात मूळ साखळीच्या पंचविसाव्या अक्षरापासून होते.