ड्रॅगन परवडला, घरचे नाही!

तलवारी, जादू आणि राक्षसांच्या गर्दीत फँटसी गेम्स आई-बाप, भावंडं आणि पोराबाळांचं नेमकं काय करतात?

एक सोपा प्रश्न. तुम्ही आजवर खेळलेल्या फँटसी रोल-प्लेइंग गेम्समधले, म्हणजे आरपीजीमधले, हिरो आठवून बघा. त्यातल्या किती जणांचे आई-बाबा धडधाकट आहेत?

बोटं मोजायला घेतलीत तरी एक हात पुरेल. ‘बाल्डर्स गेट’मध्ये (१९९८) हिरोला लहानाचं मोठं करणारा गोरायन घर सोडल्या सोडल्या मारला जातो. ‘फेबल’मध्ये (२००४) गाव पेटतं, बाप जातो, बहीण गायब होते. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये (२००९) तुम्ही सरदार घराण्यातला हिरो निवडलात, तर एका रात्रीत जवळजवळ अख्ख्या घराण्याचा निकाल लागतो.

यामागचा फंडा अगदी सरळ आहे. आई स्वयंपाकघरातून हाका मारत असेल तर पोरगं तलवार घेऊन जंगलात जाईलच कशाला? घर जळालं की बाहेर पडायला कारण मिळतं, सूडाला व्हिलन मिळतो आणि ‘रात्री जेवायला येणार का’ असं विचारणारं कुणी उरत नाही. प्रॉब्लेम एकच. ज्या बापाला आपण दहा मिनिटांपूर्वी भेटलो, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी येणार कुठून?

(सावधान: इथून पुढे स्पॉयलर्स आहेत.)

लग्न करा, रोज शंभर नाणी मिळवा

बरं, जन्माचं घर गेलं तर नवं मांडता येतं की! ‘स्कायरिम’मध्ये (२०११) लग्न जमवणं ऑफिसात रजा मिळवण्यापेक्षा सोपं आहे. ना पत्रिका, ना कांदेपोहे. समोरच्याचं एखादं काम करून द्यायचं, गळ्यात ‘मारा’ देवीचा ताईत घालून बोलायला जायचं, की झालं. रिफ्टनच्या देवळात लग्न लागतं. पुढे जोडीदार घरी दुकान थाटतो, नफ्यातली शंभर नाणी रोज तुमच्या हातावर ठेवतो आणि दिवसातून एकदा गरमागरम जेवणही देतो. २०१२च्या ‘हार्थफायर’ या जोडपॅकनंतर दोन मुलं दत्तक घ्यायची सोयही झाली. चार महिने ड्रॅगन मारत फिरा, घरात कुणाच्या कपाळावर आठी नाही!

ऐकायला झकास वाटतं, पण याला संसार म्हणायचं की फिक्स्ड डिपॉझिट? ‘ओरिजिन्स’मध्ये तर सोबत्यांच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे, त्याचा चक्क आकडा दिसतो. उणे शंभर ते अधिक शंभर. आवडीची गिफ्ट द्या, आकडा वर. भांडलात तर आणखी एक गिफ्ट द्या.

हिरो नाही, हिरोचा बाप

मग हे नातं कुणी सिरियसली घेतलं? गंमत म्हणजे फार जुन्या एका जपानी गेमनं. ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ १९९२ मध्ये आला. यात तुम्ही बापाचं बोट धरून फिरणारं पोर असता. बाप ताकदवान, प्रेमळ. शत्रू तुमच्या मानेवर हत्यार ठेवतो आणि बाप तुमच्यासाठी हात न उचलता मरतो. पुढची दहा वर्षं गुलामी.

सुटल्यावर लग्नाचा पेच. लहानपणची मैत्रीण बियांका की श्रीमंत घरची फ्लोरा? यावरून फॅन्समध्ये आजही वाद रंगतात. २००८च्या निन्टेन्डो डीएस आवृत्तीत तर फ्लोराची बहीण डेबोरा ही तिसरी उमेदवार आली!

पण खरा धक्का पुढे आहे. जुळी मुलं होतात आणि तुम्ही दगडाचा पुतळा होऊन बसता. आठ वर्षं. एक श्रीमंत माणूस तो पुतळा विकत घेऊन अंगणात मांडतो. ऋतू बदलतात, त्याचं मूल रांगतं, चालायला लागतं. तुमची मुलंही कुठेतरी अशीच मोठी होत असणार, पण तुम्हाला बघायला मिळतं ते दुसऱ्याचं मूल. इथे बटण दाबून काही होत नाही, फक्त बघत राहायचं. शेवटी तुमचीच मुलं शोधत येतात आणि तुम्हाला पुन्हा माणसात आणतात. मग कळतं, जी दिव्य तलवार तुम्हाला पेलली नाही, ती मुलाच्या हातात सहज बसते. भविष्यवाणीतला हिरो तो आहे, तुम्ही त्याचे बाबा.

मामाने घर विकलं हो!

‘ड्रॅगन एज २’ (२०११) वेगळी गोष्ट सांगतो. इथे हॉक नावाचा (किंवा नावाची) हिरो आई आणि दोन भावंडांना घेऊन युद्धातून पळतो. वाटेतच एक भावंडं जातं आणि आई रडत रडत तुम्हालाच दोष देते. आईच्या माहेरी, कर्कवॉलला, पोचावं तर मामाने कर्जापायी वाडा विकलेला. पुढचे कित्येक तास ड्रॅगनबिगन बाजूला, आधी घर सोडवायचं!

वाडा परत मिळतो, आई खूश होते. आणि मग एका क्वेस्टमध्ये ती जाते. कितीही धावा, कोणताही पर्याय निवडा, ती वाचत नाही. वीस-पंचवीस तास घरात वावरलेली, टोमणे मारणारी, काळजी करणारी ही आई. तिच्यासाठी मात्र गळा दाटून येतो.

‘मी येतो बरोबर’ म्हणणारा बाप

आणि मग येतो पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा ‘द विचर ३’ (२०१५). राक्षस मारून पोट भरणारा गेराल्ट आपल्या मानलेल्या मुलीला, सिरीला, शोधत निघतो. वाटेत त्याला दुसरा एक बाप भेटतो, ब्लडी बॅरन. बायको आणि मुलगी बेपत्ता. माणूस गप्पिष्ट, दुःखी, आपल्याला आवडायला लागतो. मग एकेक पदर उलगडतो. हा दारू पिऊन बायकोला मारायचा. त्या मारहाणीतून सुटण्यासाठी मायलेकी पळाल्या. पोटातलं मूलही गेलं. गेम त्याला पश्चात्तापाची संधी देतो, पण मुलगी परत यायला साफ नकार देते. कितीही हळहळलात, तरी तिचा निर्णय तुम्ही बदलू शकत नाही.

हे बघून आलेल्या गेराल्टची परीक्षा पुढे होते. सिरी सापडते आणि पाच छोटे प्रसंग येतात. ती खचलीय, तर दारूची बाटली उघडायची की बर्फाचे गोळे मारत खेळायचं? ती मोठ्या जादूगारणींना भेटायला चाललीय, तर बरोबर जायचं की एकटीला जाऊ द्यायचं? ती चिडून सामान फोडतेय, तर शांत करायचं की फोडू द्यायचं? जीव वाचवणाऱ्याची कबर बघायचीय, तर थांबायचं की उशीर होतोय म्हणायचं? तिला तिच्या जन्मदात्या सम्राटाकडे नेलं, तर त्याने देऊ केलेले पैसे घ्यायचे?

कुठे आकडा नाही, मार्कही दिसत नाहीत. पण सिरी शेवटच्या लढाईतून परत येणार की नाही, ते इथे ठरतं. काळजीपोटी ‘मी येतो बरोबर’ म्हटलंत तर ते तुमच्या विरोधात मोजलं जातं. फोडू दिलंत, एकटीला जाऊ दिलंत, तर ती स्वतःच्या बळावर उभी राहते.

घरून दिवसातून तीनदा ‘पोचलास का’, ‘पोचलीस का’ असे फोन येणाऱ्या कुणालाही सिरीची बाजू पटकन कळेल. इथे मात्र फोन करणाऱ्याच्या खुर्चीत तुम्ही बसलेले असता. आणि खरं सांगा, पहिल्या खेपेला तुम्हीही ‘मी येतो बरोबर’च निवडाल.

वीकेंडला आणखी दोन

*फायनल फँटसी १०* (२००१): टीडसला बाप जेक्ट अजिबात आवडत नाही. प्रवासात बापाची जुनी रेकॉर्डिंग्ज सापडत जातात आणि माणूस थोडा थोडा समजायला लागतो. शेवटी लढायचं मात्र त्याच्याशीच असतं. टिश्यू जवळ ठेवा.

*फेबल २* (२००८): शेवटी एकच वर मागता येतो. मेलेले हजारो अनोळखी लोक परत आणा, आपली माणसं परत आणा, किंवा दहा लाख नाणी घ्या. आधी एकट्याने खेळा, मग जोडीदाराला खेळू द्या. उत्तरं वेगळी आली, तर रात्रभराच्या गप्पांची सोय झालीच!