बारा फुटी सापळा आणि बाबांचा म्हाळ

आपल्या मंडळाच्या गणपतीचं मखर परत खोक्यात जातं न जातं तोच शॉमबर्गातल्या दुकानांत हाडांचे सापळे हजर होतात. खरं म्हणजे त्याच्याही आधी. ऑगस्टात शाळेच्या वह्या-पेन्सिलींच्या शेजारीच कवट्यांची रास लागलेली असते. बहुतेक आई-बाप मुलांचा हात धरून तिथून पुढे सटकतात. आमच्याकडे उलट. आम्हीच तिथे रेंगाळतो आणि सौ. आमचा हात धरून पुढे नेते.

आम्ही लहानपणापासूनचे भूतवेडे. नारायण धारप वाचनालयातून आणून पांघरुणात टॉर्च लावून वाचलेले. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी तर रात्री पाणी प्यायला उठायचीही चोरी करून ठेवली होती. एम. एस. साठी इकडे आल्यावर स्टीफन किंगचं 'सालेम्स लॉट' हातात घेतलं आणि थोड्याच पानांत लक्षात आलं, अरे, ही तर आपली 'लुचाई'! धारपांनी ते रोप आपल्या मातीत इतकं बेमालूम लावलं होतं की आम्हाला मूळच नक्कल वाटत राहिलं. आता चिरंजीव तेरा वर्षांचे झाले आहेत आणि वारसाहक्काने हे वेड त्यांच्याकडे गेलं आहे. तर गेल्या उन्हाळ्यात इतर लोक यलोस्टोनला गेले, आम्ही भुतं बघायला निघालो.

अडचण एकच होती. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. सौ.चं म्हणणं, त्यांच्यासमोर स्मशानं नि मुडदे कसले दाखवता? बरोबरच होतं. पण आईच म्हणाली, "मला घरात एकटीला टीव्हीसमोर बसवून जाणार असाल तर मी येते. भुतांना मी काय आज बघत्ये का!" आईचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिकडे प्रत्येक वडा-पिंपळाला एकेक भाडेकरू असतो.

पहिली फेरी जवळचीच, आर्चर अव्हेन्यूची. शिकागोच्या नैर्ऋत्येला जस्टिस गावात रिसरेक्शन नावाची दफनभूमी आहे. पांढऱ्या झग्यातली एक तरुणी रात्री मोटारवाल्यांकडे लिफ्ट मागते आणि दफनभूमीच्या फाटकाशी आली की गाडीतून नाहीशी होते, अशी कथा १९३० च्या दशकापासून सांगतात. तिला रिसरेक्शन मेरी म्हणतात. ती ज्या नाचघरातून निघायची म्हणतात ते विलोब्रुक बॉलरूम २०१६ साली आगीत जळून गेलं. म्हणजे आता बिचारी निघते तरी कुठून, हा प्रश्नच आहे. आईला यात नवल वाटलं नाही. आपल्या घाटाघाटांत पांढऱ्या साडीतल्या बायका गाड्यांना हात करतच असतात. पण दफनभूमीसमोरच्या बारमध्ये मेरीसाठी ब्लडी मेरीचा एक प्याला काढून ठेवायची रीत आहे असं सांगितल्यावर ती एकदम सावरून बसली. म्हणाली, "म्हणजे पान वाढतात की!"

डाउनटाउनमध्ये रँडॉल्फ स्ट्रीटच्या मागची गल्लीही पाहिली. ३० डिसेंबर १९०३ ला तिथलं इरोक्वा थिएटर पेटलं आणि ६०० हून अधिक माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. भुतांच्या सहलीवाले तिथे हमखास थांबतात. आम्ही पडलो इंजिनियर, त्यामुळे आम्हाला भुतापेक्षा दारं दिसतात. काही दारं कुलूपबंद होती, काही आत उघडणारी होती, काहींच्या कड्या लोकांना कळल्याच नाहीत. आज सिनेमागृहाच्या दाराला जो आडवा दांडा असतो, नुसता ढकलला की दार बाहेर उघडतं, तो या आगीनंतरच्या विचारातून आला. १९८४ मध्ये न्यू जर्सीच्या एका करमणूक उद्यानातल्या भूतबंगल्यात आग लागून आठ तरुण मुलं गेली. तेव्हापासून अशा ठिकाणी स्प्रिंकलरचे नियम कडक झाले. आम्ही कुठल्याही भूतबंगल्यात शिरताना आधी बाहेर पडायची पाटी शोधतो. चिरंजीवांना याची लाज वाटते. वाटू दे.

खरी सहल मात्र आयोवातल्या व्हिलिस्काची. इथून साडेसहा-सात तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना नुसता मका. जून १९१२ मध्ये एका रात्री तिथल्या मूर कुटुंबातली सहा माणसं आणि मुक्कामाला आलेल्या दोन लहान बहिणी, अशा आठ जणांना कुणीतरी कुऱ्हाडीने झोपेत मारलं. आठांपैकी सहा मुलं. खुनी कधीच शिक्षेपर्यंत पोचला नाही. ते साधं पांढरं लाकडी घर आता १९१२ सारखं करून ठेवलंय, वीज नाही, नळ नाही. दिवसा तिकीट काढून बघता येतं आणि जास्त पैसे भरले तर रात्रभर राहताही येतं.

आम्ही दिवसाचं तिकीट काढलं. आई आत आली नाही. बाहेर सावलीत बसून राहिली. चिरंजीव आतून बाहेर आले ते गप्प. माडीवर मुलांच्या खाटा मांडलेल्या आहेत. त्या बघून आमच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. आईने विचारलं, "त्या पोरांना पुरलं कुठे?" गावातच, म्हटलं. "मग तिकडे चल. इथे काय आहे?" गावाच्या दफनभूमीत तिने नातवाकडून दगडावरची नावं एकेक करून वाचून घेतली. इंग्रजी नावं तिच्या जिभेवर नीट बसत नव्हती, पण तिने ती पुन्हा म्हणून बघितली. मग म्हणाली, "यांचं कुणी करतं का रे?"

यावर उत्तर काय देणार!

घरी आलो तोवर हॅलोवीनचा बाजार भरला होता. स्पिरिट हॅलोवीन हे प्रकरण आपल्या जत्रेतल्या दुकानासारखंच. १९८३ साली कॅलिफोर्नियात एका दुकानापासून सुरुवात झाली. आता दर वर्षी दीड हजारांच्या आसपास दुकानं दोन-तीन महिन्यांपुरती रिकाम्या गाळ्यांत थाटतात आणि नोव्हेंबरात गाशा गुंडाळतात. वुडफिल्ड मॉलच्या आसपास एखादा गाळा रिकामा पडला की आम्हाला उगीच आशा वाटते. शिवाय होम डेपोचा बारा फुटी सापळा, २०२० मध्ये २९९ डॉलरला निघाला आणि बघता बघता संपला. आमच्या गल्लीत एकाने उभा केलाय. आई त्याच्या पायाशी उभी राहून वर बघत म्हणाली, "ह्येच्यो व्हाणो खंय?" चिरंजीवांना कळेना. मग तिने आरवलीच्या वेतोबाची गोष्ट सांगितली. तो रात्रीचा गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या कातडी वहाणा वाहतात. आमच्या मते इथे दुकानाचा कमीपणा उघडा पडतो. तिथे नुसती हाडं. मुंजा नाही, समंध नाही, खवीस नाही, चकवा नाही; कोण कशाने मेलं, कुठे राहतं, काय दिलं की गप्प बसतं, याचा पत्ताच नाही.

बाबांचा पहिला म्हाळ त्याच दिवसांत आला. खीर-वडे झाले, पान डेकवर ठेवलं आणि कावळा काही येईना. २००२ मध्ये वेस्ट नाइल विषाणूची साथ आली तेव्हा देशात सर्वांत जास्त रुग्ण इलिनॉयमध्ये होते, आणि कावळे तर या रोगाने पटापट मरतात. आमच्या भागात अजून कावळा क्वचितच दिसतो. अर्धा तास गेला. एक खार वडा हुंगून गेली. आईचा चेहरा उतरायला लागला. एवढ्यात चिरंजीव खोलीतून हॅलोवीनचा काळा पिसांचा कावळा घेऊन आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "आजी, हा चालेल?"

सौ.ने डोळे वटारले. आई मात्र क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या पणजोबांच्या वेळी कावळा शिवेना, तेव्हा भटजींनी दर्भाचा केला होता. हा निदान कावळ्यासारखा दिसतो तरी!" त्या कावळ्याची चोच पानाला लावली. नंतर तिने तीळ-पाणी सोडायला घेतलं, तेव्हा चिरंजीवांनी विचारलं, त्या व्हिलिस्काच्या मुलांना यात घेता येतं का? "येतं की," आई म्हणाली. "ज्यांचं कुणी नाही त्यांच्याही नावाने सोडतात." आणि तिने त्याला नावं सांगायला लावली. सहाही त्याला पाठ होती.

येत्या डिसेंबरात आम्ही कोकणात जाणार आहोत. आकेरीचा 'रात्रीस खेळ चाले' मधला नाईकांचा वाडा आणि आरवलीचा वेतोबा या दोन गोष्टी यादीत पक्क्या आहेत. शनिवारवाड्याचं पुण्यात थांबायला मिळालं तर. कुणाला व्हिलिस्काला जायचं असेल तर दिवसाचंच तिकीट काढावं, आणि वाटेत फुलं घ्यायला विसरू नये. घराजवळ मिळत नाहीत.