नाताळच्या रात्रीची घरफोडी

नाताळच्या सणाभोवती गुंफलेल्या हलक्याफुलक्या गुन्हेपटांची हॉलिवूडमध्ये जुनी परंपरा आहे. अशा चित्रपटांत चोर, भामटे किंवा तुरुंगातून पळालेले कैदी असतात, गुन्ह्याचा बेत शिजत असतो आणि पकडले जाण्याची टांगती तलवारही असते. मात्र हे सारे अशा रीतीने रचलेले असते की प्रेक्षकाला धास्तीपेक्षा हसू अधिक यावे. १९५१च्या ‘द लेमन ड्रॉप किड’मध्ये बॉब होपने रंगवलेला भामटा गुंडाचे देणे फेडण्यासाठी नाताळच्या दिवसांत धर्मादायाच्या नावाने पैसे गोळा करू लागतो, तर १९५५च्या ‘वी आर नो एंजल्स’मध्ये हम्फ्री बोगार्ट आणि त्याचे दोन फरारी साथीदार एका दुकानदाराला लुटण्याच्या इराद्याने त्याच्या घरात शिरतात आणि त्याच कुटुंबाचे पाठीराखे होऊन बसतात. या दोन्ही कथांत नायक गुन्हेगारच आहे आणि सणाच्या सहवासाने त्याच्या मनातले चांगुलपण वर येते. १९९०च्या ‘होम अलोन’ने मात्र ही मांडणी उलटी केली: चोरांना घराबाहेरचे संकट म्हणून उभे केले आणि घराची राखण आठ वर्षांच्या मुलावर सोपवली.

जॉन ह्यूजने लिहिलेला आणि निर्मिलेला, ख्रिस कोलंबसने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट आधी वॉर्नर ब्रदर्सकडे होता. खर्चावरून मतभेद झाल्यावर तो ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे आला. शिकागोजवळच्या उपनगरात राहणारे मोठे कुटुंब नाताळसाठी पॅरिसला निघते, रात्री वीज गेल्याने गजर वाजत नाही, घाईघाईत केलेल्या शिरगणतीत शेजारचा मुलगा मोजला जातो आणि आदल्या रात्री शिक्षा म्हणून माळ्यावर झोपवलेला आठ वर्षांचा केव्हिन मागेच राहतो. त्याच आळीतली रिकामी घरे हेरून ठेवलेले हॅरी आणि मार्व्ह हे दोन चोर या घरावरही डोळा ठेवून आहेत. बाहेरून दिसणारे घर इलिनॉयमधील विनेट्का या गावातले खरे घर असले, तरी आतील बराच भाग एका बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत उभारला होता आणि पाण्याने भरलेले तळघर त्याच शाळेच्या पोहण्याच्या तलावात चित्रित झाले.

घरफोडी हा प्रत्यक्षात भयंकर गुन्हा आहे, आणि एकट्या मुलाच्या घरात दोन पुरुष शिरू पाहतात ही कल्पना तर कोणत्याही आईबापाचा थरकाप उडवणारी आहे. ती विनोदाला पेलेल अशी करण्यासाठी पटकथेने चोरांच्या स्वभावाची विशेष मशागत केली आहे. मार्व्ह प्रत्येक लुटलेल्या घरात नळ चालू ठेवून जातो, कारण आपल्या टोळीची निशाणी मागे राहावी ही त्याची हौस. आणि याच हौसेमुळे शेवटी कोणकोणती घरे त्यांनी फोडली हे पोलिसांना कळते. हॅरीची भूमिका करणारा जो पेस्की त्याच वर्षी ‘गुडफेलाज’मध्ये अंगावर काटा आणणारा गुंड म्हणून दिसला आणि त्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले. इथे तोच अभिनेता शिवीच्या जागी दातओठ खात अर्थहीन पुटपुटतो. चेहऱ्यावरचा संताप अस्सल राहतो, पण त्याची धार मुलांपर्यंत पोहोचत नाही. ही अभिनयातली मोठी कामगिरी आहे.

केव्हिनने घरभर रचलेल्या सापळ्यांत चोरांची फजिती ज्या पद्धतीने होते, त्या विनोदाला स्लॅपस्टिक म्हणतात. पडणे, आपटणे, मार खाणे अशा शारीरिक आपत्तींतून हसू निर्माण करणारा हा प्रकार असून, जुन्या इटालियन रंगभूमीवर दोन लाकडी पट्ट्या जोडलेली, आवाज मोठा करणारी पण फारशी न लागणारी छडी विदूषकाच्या हाती असे, तिच्याशी त्याचा संबंध सांगितला जातो. मोठा आवाज आणि नाममात्र इजा हे तत्त्व ‘होम अलोन’ने शेवटपर्यंत पाळले आहे. मार्व्हची वाटचाल पाहावी: तळघराच्या पायऱ्यांवर फासलेल्या डांबरात त्याचे बूट आणि मोजे अडकतात, म्हणून अनवाणी पायात खिळा घुसतो, आणि त्याच अनवाणी पायांनी तो खिडकीतून आत उडी टाकतो तेव्हा खाली नाताळच्या झाडावरचे काचेचे गोळे पसरलेले असतात. एकेक आपत्ती पुढच्या आपत्तीची तयारी करून ठेवते, त्यामुळे प्रेक्षक घाव बसण्याआधीच हसू लागतो. शिवाय शस्त्रे सगळी घरातलीच आहेत: इस्त्री, रंगाचे डबे, पिसे, सणाची सजावट. संगणकीय करामती सर्रास वापरात येण्यापूर्वीच्या या दृश्यांत स्टंटमन खरोखर पडत होते, आणि तो भार पडद्यावर जाणवतो.

तरीही हे सापळे चित्रपटाच्या अखेरच्या टप्प्यात येतात आणि त्यांचा भाग अर्ध्या तासाहूनही कमी आहे. एकशे तीन मिनिटांतला उरलेला सगळा काळ एकटेपणाचा आहे. घरचे नाहीसे झाले याचा आधी आनंद, मग मोकळ्या घरातली मजा, मग तळघरातल्या भट्टीची भीती, आणि अखेर आई परत यावी ही इच्छा, असा हा प्रवास आहे. दुकानातून चुकून टूथब्रशचे पैसे न देता पळालेला केव्हिन स्वतःलाही गुन्हेगार समजू लागतो, हा तपशील पटकथेच्या बारकाव्याची साक्ष देतो. नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये त्याची गाठ शेजारच्या वृद्ध मार्लीशी पडते. ज्याला आळीतली मुले खुनी समजतात, तो मुलाशी झालेल्या भांडणामुळे नातीचे गाणे दुरूनच ऐकायला आलेला आहे. मार्लीची ही कथा कोलंबसच्या आग्रहाने आली, आणि तिच्यावाचून चित्रपट नुसत्या धडपडीचा राहिला असता. जॉन विल्यम्सच्या संगीताचाही यात मोठा वाटा आहे. जुन्या चित्रपटांत सणाची क्षमा गुन्हेगाराच्या पदरात पडे. इथे ती मार्लीच्या वाट्याला येते आणि चोर मात्र पोलिसांच्या गाडीत बसतात.

प्रेक्षकांनी हा चित्रपट ज्या उत्साहाने उचलून धरला, त्याची कल्पना समीक्षकांना आली नव्हती. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी अडीच तारे दिले; केव्हिन साकारणाऱ्या मॅकॉले कल्किनचे कौतुक करूनही हे सापळे एखादे मूल रचू शकेल हे त्यांना पटले नाही. आक्षेप खराच आहे, पण सामान्य प्रेक्षकाने तो मनावर घेतला नाही. अमेरिकेत सलग बारा आठवडे हा चित्रपट कमाईत पहिल्या क्रमांकावर होता आणि जगभरातील त्याची कमाई ४७ कोटी डॉलरच्या वर गेली. २०२३ साली त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या कलाकृतींच्या सरकारमान्य यादीत, स्थान मिळाले.

या प्रतिसादातली खरी लक्षणीय गोष्ट म्हणजे तो प्रेक्षकाच्या वयाबरोबर बदलतो. मुले केव्हिनच्या बाजूने पाहतात आणि चोरांच्या प्रत्येक आपटण्याला टाळ्या देतात. तीच मुले मोठी होऊन पुन्हा पाहतात तेव्हा त्यांचे लक्ष कॅथरिन ओ’हाराने साकारलेल्या आईकडे वळते, जी विमानतळावर गयावया करते, अंगावरचे दागिने देऊन तिकीट मिळवते आणि शेवटी अनोळखी वादकांच्या गाडीतून घरी येते. मराठी प्रेक्षकालाही लहान मूल आणि गुन्हेगार यांच्या झुंजीची गोडी आहे. महेश कोठारे यांच्या १९९४च्या ‘माझा छकुला’ने ती ओळखली होती आणि १९९६मध्ये त्यांनीच त्याची हिंदी आवृत्ती ‘मासूम’ दिग्दर्शित केली.

पोलंडमध्ये तर ‘केव्हिन’ पाहणे हा नाताळचा रिवाजच झाला आहे. पोल्सात ही दूरचित्रवाहिनी दरवर्षी सणात तो दाखवते, आणि अनेक घरांत तो लावला जातो, संवाद पाठ असूनही. २०१० साली यंदा हा चित्रपट दाखवणार नाही असे वाहिनीने सूचित केले, तेव्हा प्रेक्षकांनी फेसबुकवरून इतका जोरदार निषेध केला की तिला निर्णय फिरवावा लागला.