बिल्टीची घडी आणि बारा आकडे

माजिवडा नाक्यावर भिवंडीच्या गोदामांतून मुंबईकडे निघालेला ट्रक थांबला, की पूर्वी ड्रायव्हरच्या हातात बिल्टीची घडी दिसे. पुढे मुलुंडच्या जकात नाक्यावर रांग ठरलेली. 2017 मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. 2018 पासून मालाची ओळख म्हणजे बारा आकडी ई-वे बिल.

त्याचे भाग दोन: पहिल्यात माल, किंमत, पाठवणारा आणि घेणारा, दुसऱ्यात गाडीचा क्रमांक. वाटेत गाडी बदलली, की दुसरा भाग नव्याने भरायचा. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. गाडी बिघडली किंवा कोंडीत अडकली, तर मुदतीच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. ही सवलत मला फार मोलाची वाटते, कारण रस्ता कायद्याच्या घड्याळाने चालत नाही.

कागदाकडून डिजिटल नोंदीकडे जाणारी ही वाट फक्त आपली नाही; युरोपीय संघानेही 2020 मध्येच तसा नियम केला. तिथल्या यंत्रणांना जुलै 2027 पासून डिजिटल मालवाहतूक कागदपत्रे स्वीकारावीच लागतील.

ड्रायव्हरदादा, नाका सोडण्यापूर्वी बिलावरचा गाडी क्रमांक एकदा पाटीशी ताडून पाहा.