पिल्लाच्या अंगावरचे गोचीड: औषधाआधी वय आणि वजन

मावळ-लोणावळ्यात गवतातून, गोठ्याच्या आसपास हुंदडणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लांना पिसवा, गोचीड सहज लागतात. पण गुरांसाठी आणलेलं फवारणीचं औषध पिल्लावर वापरू नका. विषबाधा होऊ शकते. मानेवर टाकायचे बहुतेक थेंब 8 आठवड्यांनंतरच चालतात. गोळ्यांना वयासोबत किमान वजनाचीही अट असते. त्याहून लहान पिल्लाला बारीक दातांच्या फणीनं विंचरा, गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. आईवरही उपचार हवेत; मात्र ती पाजती असल्यानं औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, पिल्लू मलूल झालं किंवा औषधानंतर थरथरू लागलं, तर औषधाचं वेष्टन सोबत घेऊन लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.